परभणीत घरफोडी झाली, आता घर पक्कं कसं करावं आणि सासूबाईंना कसं सावरावं?

गोदाकाठची

नमस्कार सगळ्यांना. आम्ही परभणीला राहतो, वसमत रोडच्या बाजूला नवीन वसाहतीत, आजूबाजूचे निम्मे प्लॉट अजून मोकळेच आहेत. मागच्या आठवड्यात चुलत नणंदेच्या लग्नाला अंबाजोगाईला गेलो होतो, एकच रात्र मुक्काम, आणि पहाटे साडेपाचला शेजारच्या काकूंचा फोन आला की अगं तुमच्या दाराचा कोयंडा लोंबकळायलाय, तुम्ही रात्रीच आलात का? तिथून परभणीपर्यंत गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही.

आत आलो तर लोखंडी कपाट फोडलेलं, आतला लॉकर वाकवलेला, साड्या सगळ्या जमिनीवर, देवघराखालचा ड्रॉवर उपसलेला, गव्हाच्या कोठीतसुद्धा हात घालून बघितलेलं. सासूबाईंची बोरमाळ आणि एकदाणी गेली, माझं गंठण गेलं, पोरीचे बारशातले चांदीचे वाळे गेले आणि ३८ हजार रोख गेले, ते मृगाच्या आधी सोयाबीनचं बियाणं आणि खत घ्यायला काढून ठेवले होते. एका बाजूचे शेजारी कूलर लावून आत झोपलेले, दुसऱ्या बाजूचे गच्चीवर, कूलरच्या घरघरीत कुलूप तुटलेलं कुणाला ऐकू जाणार.

पंचनामा झाला, ठसेवाले आले, कुत्रं आलं ते मेन रोडपर्यंत जाऊन थांबलं. आता मला तीन गोष्टी विचारायच्यात. एक म्हणजे दागिन्यांची बिलं नाहीत, बोरमाळ तर सासूबाईंच्या सासूची होती, त्याचं काय करायचं. दुसरं, घर पक्कं करायला आत्ता जेमतेम २५ हजार काढता येतील, मिस्टर म्हणतात सगळ्याचे कॅमेरे बसवू, ते बरोबर आहे का. आणि तिसरं मला सगळ्यात जड जायलंय. सासूबाई नीट जेवायल्या नाहीत, कपाटाची चावी त्यांनीच गादीखाली ठेवली होती, चोरांनी चावी शोधलीसुद्धा नाही, सरळ पहारीनं उचकटलं, तरी त्या म्हणतात माझ्यामुळं गेलं. पोरगी ८ वर्षांची आहे, ती त्या खोलीत पाय ठेवत नाही.

आणखी एक. कॉलनीच्या ग्रुपवर लोक म्हणायलेत की रेल्वे लाइनच्या पलीकडं भटक्या लोकांची पालं पडलेत, त्यांचंच काम असणार, तुम्ही पोलिसात तसं नाव घालून द्या. मला ते काही पटेना, पण घरातलेही आता तसंच बोलायलेत.

निवृत्त_हवालदार

ताई, वाचून वाईट वाटलं. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातच गेली, असे पंचनामे किती केले त्याचा हिशोब नाही, म्हणून आधी जे आजच करायचंय ते सांगतो.

गल्लीत, चौकात, किराणा दुकानावर, पेट्रोल पंपावर, जिथं जिथं कॅमेरा असेल तिथं स्वतः जा आणि त्या रात्रीचं फुटेज वेगळं काढून ठेवायला सांगा. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, त्याची डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढत जातं, कुणाचं आठ दिवसांत पुसतं कुणाचं पंधरा. तुम्हाला आठवडा होऊन गेलाय, म्हणजे वेळ कमी आहे. तपासवाल्याकडं एका वेळी बरीच प्रकरणं असतात, त्याला सगळीकडं पोचणं होत नाही, तुम्ही दुकानाचं नाव आणि कॅमेरा कुठं आहे एवढं लिहून दिलंत तरी त्याचं काम हलकं होतं. आणि घड्याळ बघा, पुष्कळ डीव्हीआरची वेळ चुकलेली असते, पाच मिनिटं पुढं का अर्धा तास मागं, ते तिथंच मोबाईलच्या वेळेशी ताडून लिहून घ्या, पुढं कोर्टात यावरनं घोळ होतो. फुटेज पुराव्यात द्यायचं तर ज्याचा डीव्हीआर त्याचं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते पोलिस लिहून घेतात, शेजाऱ्याला एवढंच सांगा की सहीला नाही म्हणू नका.

आता बिलाचं. बिल नाही म्हणून फिर्याद पडत नाही. तुम्ही घाईत दिलेल्या फिर्यादीत बोरमाळ एक, एकदाणी एक एवढंच असेल. ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या, तो देता येतो, लोकांना हे माहीतच नसतं. त्यात वस्तूची ओळख सांगा. बोरमाळेचे मणी किती, लाखेवरचे का भरीव, फासा कसला, कुठं तुटून परत सांधलेली, दोरा कधी बदलला. लग्नाचा अल्बम काढा, ज्या फोटोत ती गळ्यात दिसते त्याची प्रत जोडा. ज्या सराफाकडं गाठवून घेतली त्याच्या वहीत नोंद असेल तर तीही. नंतर घरात काही आणखी कमी दिसलं, चेकबुक, गाडीचं आरसी, एफडीच्या पावत्या, ते पण त्याच जबाबात घाला.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, हक्कानं मागा. त्यात कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ४५७ आणि ३८० आता दिसणार नाही, रात्रीच्या घरफोडीला ३३१(४) आणि राहत्या घरातल्या चोरीला ३०५ लागतं. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हा काही किरकोळ गुन्हा नाही, तेव्हा ठाण्यात विचारायला जाताना संकोच करू नका. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे.

माल सापडला तर ओळखायला बोलावतील. मग कोर्टात अर्ज करून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवू असं लिहून देऊन, ताबा मिळतो, पण केस संपेपर्यंत तो विकायचा नाही, मोडायचा नाही. एक मात्र मनाची तयारी ठेवा, बऱ्याचदा दागिना वितळवून त्याची लगड केलेली असते. सोनं येतं, डाग येत नाही. सासूबाईंना हे आत्ता सांगू नका.

वेल्डिंगवाला_लातूर

ताई मी फॅब्रिकेशनवाला आहे, दरवाजे ग्रिल हेच काम करतो, म्हणून तुमच्या मिस्टरांना सांगा पैसा आधी दारात घाला कॅमेऱ्यात नंतर. कॅमेरा चोर दाखवतो, चोर अडवत नाही, आणि आता ते तोंडाला रुमाल बांधून येतात अन् जाताना डीव्हीआरच उचलून नेतात.

तुमचं दार तुटलंच नसंल, कोयंडा तुटलाय. आपल्याकडं हीच गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कुलूप घेतात हजाराचं आणि ते अडकवतात पातळ पत्र्याच्या कडीत, जी चौकटीला अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूवर बसवलेली असते, टॉमी, म्हणजे पहारीसारखी सळई, घातली की एका हिसक्यात स्क्रूसकट बाहेर, कुलूप जसंच्या तसं कडीत राहतं. जाडजूड आल्ड्रॉप, म्हणजे कुलूप लावायची सरकती दांडी, घ्या, आरपार नट-बोल्ट टाका, आतून नट आणि त्याला वेल्डिंगचा एक टिपका. बोल्टचं डोकं बाहेरून गोल पाहिजे, पान्यात धरता येऊ नये. दुसरं म्हणजे बाहेरून लोंबणारं कुलूप लावूच नका, ते कुलूप रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगतं की घरात कुणी नाही. दाराच्या आत बसणारं लॉक घ्या, ज्याची दांडी चौकटीत खोल जाते, बाहेरून फक्त चावीचं भोक दिसतं, माणूस घरात आहे का नाही कळत नाही.

मग मेन दाराच्या पुढं लोखंडी सेफ्टी दार. त्याची जाळी अशी ठेवा की हात आत घालून कडी काढता येऊ नये, मी कडीच्या जागी फूटभर पत्रा मारून देतो. बिजागऱ्या आत घ्या, बाहेर असल्या तर खिळा ठोकून दार काढतात. आणि भाव किलोवर ठरवा, स्क्वेअर फुटावर घेतलं की काही जण पातळ पाइप वापरून मोकळे होतात, वरून रंग मारल्यावर तुम्हाला काय कळणार.

खिडक्यांचे ग्रिल हलवून बघा. भिंतीत गाडलेलं ग्रिल आणि खिडकीच्या लाकडाला स्क्रूनं लावलेलं ग्रिल यात लई फरक आहे. आणि जिन्याचं वरचं दार, गच्चीचं! सगळा खर्च लोक पुढच्या दारावर करतात आणि गच्चीला प्लायचं दार, आतून एक बारीक टॉवर बोल्ट. उन्हाळ्यात तुम्ही वर झोपता, खाली दार नुसतं लोटलेलं, कित्येक घरं तशीच साफ झालीत, माणसं वर झोपलेली असताना. वर झोपायला गेलात तर खालचं मेन दार आतून लावून जिन्याचं दार बाहेरून कुलूप लावा आणि चावी उशाला.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, भीतीपोटी घर पिंजरा करू नका. एका खिडकीचं ग्रिल उघडणारं ठेवा, आतून कुलूप, चावी घरातल्या सगळ्यांना माहीत. गॅस पेटला, शॉर्ट सर्किट झालं तर पोरीला आणि म्हातारीला बाहेर कुठून काढणार. २५ हजारात लॉक, आल्ड्रॉप आणि एक साधं सेफ्टी दार आरामात बसावं, गच्चीच्या दाराला पत्रा मारून घ्या, उरलेल्यात बाहेर एक सेन्सरवाली लाइट लावा.

पालावरची_शाळा

तुमच्या शेवटच्या पॅराग्राफवर बोलायचंय, तुम्हाला पटलं नाही हे लिहिलंत म्हणून धीर आला.

मी अशाच वस्त्यांवर लेकरांना शिकवते. चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते, गडी माणसं उचलून नेतात, दोन-चार दिवसांनी सोडतात, तोवर बायका-लेकरं उपाशी आणि लेकरू शाळेतून सुटलं ते सुटलंच. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून सबंध जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ साली ऑगस्टच्या शेवटी रद्द झाला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला पण आपल्या तोंडातलं वाक्य गेलं नाही. तुमच्या ग्रुपवर जे लिहायलेत ते तेच वाक्य आहे.

ताई, तुम्ही डोळ्यांनी काही बघितलं असेल तर जरूर सांगा, गाडीचा नंबर, चेहरा, आदल्या दिवशी घराभोवती कोण घुटमळत होतं, काहीही. पण बघितलं नसेल तर नाव घालू नका. आणि ग्रुपवर कुणाचे फोटो फिरवायला लागले तर थांबवा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच भिक्षेकरी माणसं जमावानं ठेचून मारली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मुलं पळवणारे आले अशी मोबाईलवर अफवा होती एवढंच कारण. पाचही जण निर्दोष. तुमचं दुःख खरं आहे, लई मोठं आहे, पण त्याच्या पायी दुसऱ्याच्या घरात रडारड व्हावी असं तुम्हाला वाटणार नाही हे तुमच्या लिहिण्यावरनंच कळतं.

निवृत्त_हवालदार

वरच्या ताईंशी मी शंभर टक्के सहमत आहे, आणि हे नोकरीत असतानाही सांगत होतो. चुकीचं नाव दिलं की तपास त्या बाजूला जातो, आणि खरा माणूस तेवढ्या दिवसांत माल मोडून मोकळा होतो. ताईंनी एक आठवून बघावं, तुम्ही लग्नाला जाणार हे कुणाकुणाला माहीत होतं, आदल्या आठ दिवसांत घरी कोण काम करून गेलं, स्टेटसला लग्नाचे फोटो रात्रीच टाकले होते का. संशय म्हणून नव्हे, तपासवाल्याला दिशा मिळावी म्हणून. आणि पुढच्या वेळी गावाला जाताना ठाण्यात सांगून जा, रात्रीच्या गस्तीला ती गल्ली घेतात.

सोनपेठकर

आमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे, एक फोन लावला की सगळ्यांच्या मोबाईलवर एकाच वेळी निरोप जातो, वसाहतीनं ठाण्यात जाऊन विचारावं. नाहीतर ११२ तर आहेच, घरासमोर संशयी हालचाल दिसली तरी लावता येतो, चोरी व्हायची वाट बघू नका.

तरोड्याची_मावशी

लेकी, मी नांदेडला राहते, आमच्याकडं सहा वर्षांपूर्वी झालं, दिवसाढवळ्या, मी मंगळवारच्या बाजारात गेले तेवढ्यात. तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहायलेय.

सोनं जातं ते आठवणीत राहतं, पण त्यापेक्षा परक्या माणसानं आपल्या कपड्यांत हात घातला ते जात नाही मनातून. मी महिनाभर त्या साड्या नेसले नाही. मग एक दिवस जावेनं येऊन सगळ्या धुतल्या, वाळवल्या, घड्या करून परत लावल्या, माझ्याशी एक शब्द न बोलता, तेव्हा कुठं बरं वाटलं. तू पण तसं कर, पंचनामा झालाय ना, मग ती खोली तशीच ठेवू नकोस. कपाटाची जागा बदल, पलंगाची दिशा बदल, भिंतीला हात मार, पोरीला रंग निवडू दे. तीच खोली परत दिसली की लेकराला तेच दिसतं. आणि तिच्याशी खोटं बोलू नको की काही झालं नाही, तिनं बघितलंय. सांग की चोर आले होते, ते घरात कुणी नाही हे बघूनच आले होते, आपण असताना आले नाहीत, आणि आता दार असं केलंय. नवीन कडी तिच्या हातानं लावून दाखव रोज रात्री.

सासूबाईंचं. त्यांना "जाऊ द्या हो, सोनंच होतं" असं चुकूनही म्हणू नकोस. मला सगळे तेच म्हणायचे, आणि मला वाटायचं की माझ्या आईच्या हाताची वस्तू होती हे कुणाला कळतच नाही. भेटायला येणारी माणसं विचारतात एवढं घरात ठेवलंच कशाला, त्यांना दारातच तू उत्तर दे, आत त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नको. त्यांच्याजवळ बस आणि विचार ती बोरमाळ कुणी घातली, कधी घातली, कसल्या प्रसंगाला. बोलू दे. रडू दे. चावीचं तर तूच लिहिलंस, चावी लागलीच नाही चोरांना, ते त्यांना रोज एकदा सांग, रागानं नाही, मायेनं.

पंधरा-वीस दिवस झाले तरी जेवण-झोप आलीच नाही तर १४४१६ ला फोन लाव, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी आधी लाजत होते, आता सगळ्यांना सांगते.

बँकेतला_माणूस

थोडं पैशाचं. चेकबुक गेलं असेल तर आजच स्टॉप पेमेंट, एटीएम ब्लॉक, आणि बँकेच्या लॉकरची चावी त्या कपाटात असेल तर ती गेल्याचं लेखी कळवा.

उरलेलं सोनं लॉकरला ठेवणार असाल तर एवढं माहीत असू द्या की रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणं बँकेत चोरी, आग, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्यानं फसवणं यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढीच आहे. भाडं दोन हजार तर दोन लाख. तरी घरापेक्षा बरंच. रोख रक्कम मात्र लॉकरला ठेवायची नसते, बियाण्याचे पैसे खात्यातच असू द्या, दुकानदार आता सगळे क्यूआर ठेवतात.

विम्यात बरेच जण फसतात. गृहकर्जाबरोबर घराची पॉलिसी असते तिच्यात चोरी आहे असं लोक धरून चालतात. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडं भारत गृह रक्षा ही ठराविक पॉलिसी मिळते, तिच्यात आग, पूर, भूकंप असं काही झालं आणि त्याच्यापायी सात दिवसांत चोरी झाली तरच ती धरतात. नुसत्या घरफोडीला वेगळं बर्गलरी कव्हर घ्यावं लागतं, आणि दागिन्यांची यादी किमतीसकट आधी द्यावी लागते. तुमच्याकडं जुनी कुठली पॉलिसी असेल तर उशीर न करता कळवा, एफआयआरची प्रत जोडा.

दागिन्यांचे फोटो काढून ठेवा सगळ्यांनी, वजनासकट. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, असलेलंच हॉलमार्कचं सोनं विकता येतं, नवीन डाग घेतला की तो नंबर वहीत उतरवून ठेवा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या लई वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या बाईला म्हणावं मी जेवले आज.

फुटेजचं काकांनी सांगितलं म्हणून त्याच दिवशी मिस्टर आणि दीर फिरले, चौकातल्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी एक मोटारसायकल दोनदा येऊन गेलेली दिसली, नंबर नीट नाही पण गाडी कळते, घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं ते लिहून घेतलं. पोलिसांनी ते पेनड्राइव्हवर घेतलं, मेडिकलवाल्यानं सही दिली. पुरवणी जबाब काल झाला. त्यासाठी सासूबाईंना विचारलं बोरमाळेचे मणी किती, तर त्यांनी डोळे मिटून बोटांवर मोजले आणि सांगितलं त्रेचाळीस, एक मणी चेपलेला, मिस्टरांनी लहानपणी दातानं चावलेला. हवालदार लिहिता लिहिता थांबले. ठाण्यात एवढ्या दिवसांनी त्या पहिल्यांदा हसल्या.

ग्रुपवर मी लिहिलं की आम्ही कुणावर संशय घेतलेला नाही आणि घेणार नाही. दोघं-तिघं नाराज झाले, होऊ द्या. पालावरच्या ताई, तुम्हाला वेगळा निरोप पाठवलाय, पोरीच्या मागच्या वर्षीच्या वह्या-पुस्तकं आहेत, लागत असतील तर सांगा.

कॅमेरे सध्या नाही. वेल्डिंगवाले भाऊ, इथला माणूस शनिवारी माप घ्यायला येणारे, किलोवरच भाव करायचा ठरलंय. एकच विचारायचं राहिलं, आमची चौकट लाकडी आहे आणि खालून वाळवीनं थोडी पोखरलीय, त्यातच आरपार बोल्ट टाकले तर धरतील का, का आधी चौकटच लोखंडी करून घ्यावी?

वेल्डिंगवाला_लातूर

नाही धरणार ताई. पोखरलेल्या लाकडात बोल्ट चौकटीसकट निघून येईल. सेफ्टी दाराचं बजेट थांबवा, आधी अँगलची लोखंडी चौकट, भिंतीत दोन्ही बाजूंना तीन तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सिमेंटमध्ये गाडून, आणि चार-पाच दिवस त्याला पाणी मारा, मगच दार चढवा. तोवर रात्री घर रिकामं ठेवू नका. मापाचा फोटो टाका इथं, बघून सांगतो.